पाय दाखवायला लाजायचे कशाला?

(राजाजीनगर, बंगळूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या कौटुंबिक मेळाव्यात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेले भाषण)



युनियनचा सचिव बोलायला उभा राहिला की महागाई भत्ता, बढती नाहीतर बदली यांपैकी काहीतरी निघणार, हे तुम्ही धरूनच चालता. आज त्यातले काही नाही. आज मी पायांवर बोलणार आहे. मागे काही जण हसले. हसा, हरकत नाही. पण आमच्या कचेरीत बदलीचे जे अर्ज येतात, "लाईनवरून काढून आत कुठेतरी घ्या" असे, त्यांत कारण लिहिलेले असते "घरगुती अडचण". माणसाला समोर बसवून चहा पाजला, दोनदा विचारले, की तो दाराकडे बघतो, हळूच पँट वर करतो आणि सुजलेला घोटा दाखवतो. ही घरगुती अडचण!

मेळावा राजाजीनगरात का, असे काही जणांनी विचारले. १९४८ ते १९५० या काळात गव्हर्नर जनरल असलेल्या राजाजींचे नाव मिळालेली ही वसाहत कारखान्यांची आणि कामगारांची. इथे कामगार विम्याचे मोठे इस्पितळ आहे, त्याला पुढे वैद्यकीय महाविद्यालयही जोडले गेले. यशवंतपूर जवळ, सिटी स्टेशन जवळ. मल्लेश्वरमही शेजारीच. तिथले काडु मल्लेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी बांधलेले, म्हणजे मराठी माणसाचे पाय या भागाला नवे नाहीत. आणि इथल्याच एका गल्लीतल्या लहान दवाखान्यात माझी टाच बरी झाली. ती हकीकत पुढे सांगतो.

आधी पायाविषयी थोडे. एका पावलात २६ हाडे असतात. घर बांधताना आपण पायाला जपतो, पण अंगाच्या पायाकडे बघतो ते चप्पल तुटल्यावर. आता हे पाऊल खडीवर ठेवा. आपल्या रुळाखालची खडी ६५ मिलिमीटरच्या मापाची, कोरदार. ती तशीच हवी, गोल गोटे असते तर रूळ जागेवर राहिला नसता. म्हणजे जी खडी रुळाला चांगली, तीच पावलाला वाईट. सिमेंटचे स्लीपर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ६० सेंटीमीटरवर येतात आणि मोठ्या माणसाचे सहज पाऊल पडते ७० ते ७५ सेंटीमीटरवर. स्लीपर धरून चाललात तर पाऊल आखडते, एक सोडून टाकलेत तर फाटते, आणि मध्ये पडले तर खडीवर घोटा वळतो. कीमन रोज आपली हद्द पायी तपासतो, जाताना एक रूळ, येताना दुसरा. खांद्यावर हातोडा, पाना, झेंड्या, फटाके. नोकरीची तीस वर्षे अशी काढल्यावर टाच बोलू लागली, तर तो तिचा दोष नाही.

मी स्वतः १९९० च्या दशकात गँगमन म्हणून लागलो, तेव्हा लोंढ्याकडची आमची लाईन मीटरगेज होती. कॅसलरॉक ते कुळे हा २६ किलोमीटरचा घाट, चढ ३७ ला १. पावसाळी गस्तीत हातात कंदील, अंगावर घोंगडे, बुटात पाणी आणि पाण्यात जळवा. जळवेचे काही वाटत नसे, तंबाखू लावली की सुटते. त्रास चिखल्यांचा. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन सोलायची, रात्री खाजवून जीव जायचा. खानापूरकडची म्हातारी माणसे भिरंडेल गरम करून टाचेच्या भेगांत भरत, आणि ते खरेच चांगले औषध होते. भेगांना आजही लावा. चिखल्यांना मात्र तेल लावू नका. तिथे बोटांमधली जागा कोरडी ठेवायची, मोजे बदलायचे आणि डॉक्टर देईल ते बुरशीचे मलम पुरते दिवस लावायचे, खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचे नाही.

आता उभ्या माणसांचे बघा. आर. एम. एस. चा सॉर्टर खणांपुढे रात्रभर उभा. तिकीट तपासनीस चालत्या गाडीत उभा. (रजनीकांत म्हणजे आपले शिवाजीराव गायकवाड, याच शहरात बस कंडक्टर होते. त्यांचे पाय दुखत होते की नाही हे कुणी विचारले नसेल.) उभ्या माणसाचे रक्त पायांत उतरते. पोटरीचे स्नायू हलले तरच ते वर ढकलले जाते. नुसते उभे राहिले की शिरा फुगतात, निळ्या दोरखंडासारख्या दिसतात. म्हणून सॉर्टिंग करतानाही दर थोड्या वेळाने टाचा उचला, खाली करा. कुणी हसले तर हसू द्या. आणि पोस्टमन बंधूंनो, थैली एकाच खांद्यावर वर्षानुवर्षे टाकलीत तर भार एका पायावर जातो. खांदा बदलत जा.

आता माझी टाच. मागच्या वर्षी सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेखाली खिळा ठोकल्यासारखे होई. दहा पावले चालले की कमी. दुपारी पुन्हा सुरू. मी आपल्या रीतीप्रमाणे चार महिने काही केले नाही. मग मंडळींनी काशाच्या वाटीने तूप चोळले. बरे वाटले, झोप लागली, सकाळी खिळा तिथेच. मग एका ठिकाणी पाटी वाचून गेलो. त्यांनी दहा दिवसांचे पैसे आधीच घेतले, रोज यंत्र फिरवले, वर सुगंधी तेलाचे मालीश. अकराव्या दिवशी मी होतो तिथेच. नाव घेत नाही, शिकलो मीच.

त्यानंतर कुणीतरी राजाजीनगरचा हा दवाखाना सांगितला. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी टाच दाबून पाहिली, मग पोटरी पाहिली, मग म्हणाल्या, "काका, बूट आणा." मी म्हटले, दुखते टाच आणि बूट कशाला? त्यांनी बूट उलटा केला. टाच एका बाजूने झिजून वाकडी, आतला तळ पापडासारखा. मी विचारले, यंत्र कधी लावणार? त्या म्हणाल्या, "यंत्र तुमच्या घरी आहे, भिंत."

तो व्यायाम सांगतो. भिंतीला दोन्ही हात टेका. दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढे झुका, पोटरी ताणली गेली पाहिजे. अर्धा मिनिट थांबा. असे तीनदा, दिवसातून दोन-तीन वेळा. दुसरा, सकाळी पाऊल जमिनीला लावण्याआधी, पलंगावर बसून, पायाची बोटे हाताने वर ओढा आणि तळवा ताणा. दहा वेळा. ड्यूटीवरून आल्यावर बर्फ झालेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. बुटात टाचेखाली मऊ गादी. इतकेच. मला तीन महिने लागले. काहींना वर्षही लागते, पण बहुतेकांना शस्त्रक्रियेची पाळी येत नाही. दोन दिवसांत बरे करतो म्हणणाऱ्यापासून सांभाळा.

फिजिओथेरपी म्हणजे मालीश असे आपल्याकडे समजतात. मालीश त्यातला एक लहान भाग. मुंबईत केईएम इस्पितळात हे शिक्षण १९५० च्या दशकात सुरू झाले, ते पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभे करायला. १९५५ साली हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था निघाली. हे चोचले नव्हेत. मालिशीने स्नायू सैल होतो, झोप येते, एक-दोन दिवस आराम पडतो. तेवढ्यासाठी जरूर करून घ्या, घरी बायकोचेही पाय चेपून द्या, तीही दिवसभर ओट्याशी उभी असते. पण एकच पोटरी एकाएकी सुजली, गरम लागते, दाबली की दुखते, असे झाले तर तिथे कुणाचा हात लावू देऊ नका. आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती फुप्फुसात जाऊ शकते. सरळ इस्पितळ गाठा. मुरगळलेला घोटा त्याच दिवशी चोळायचा नाही. हाडवैद्याकडे ओढून घेण्याआधी एक्स-रे काढा.

आता जे सांगायला मी मुख्यतः उभा आहे ते सांगतो.

आमचे एक कीमन होते. नाव सांगत नाही, घरची माणसे इथे येणारी आहेत. त्यांना साखरेचा आजार. तळव्याला कुरूप झाले ते घरीच ब्लेडने कापायचे. एके दिवशी खडीचा तुकडा बुटात गेला आणि तो संध्याकाळपर्यंत आत राहिला. त्यांना कळलेच नाही. रात्री मोजा रक्ताने चिकटलेला निघाला तेव्हा कळले. वीस दिवस त्यांनी हळद भरून पट्टी बांधली आणि ड्यूटी केली. बोट काळे पडल्यावर इस्पितळात गेले. आधी बोट गेले, मग अर्धे पाऊल. मी भेटायला गेलो आणि रागावलो. म्हटले, दाखवले का नाही? ते म्हणाले, "साहेब, दाखवले असते तर मेडिकलला अनफिट केले असते. मग पोरीचे लग्न कशावर केले असते?"

मित्रहो, पाय साखरेने गेला हे खरे. पण त्याला वीस दिवस उशीर लावला तो भीतीने.

दुखणे ही देणगी असते, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. काटपाडीला उतरून वेल्लोरच्या इस्पितळात जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. १९४६ मध्ये ते तिथे आले आणि कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. बोटे रोगाने आपोआप गळतात असा समज होता. त्यांनी दाखवले की संवेदना गेल्यामुळे जखम कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाय जातो. त्यातूनच मऊ रबराच्या चपला आल्या. त्या आज साखरेच्या रोग्यालाही देतात. आमच्या कीमनचे नेमके हेच झाले.

ज्यांना साखर आहे त्यांनी रोज रात्री पाय बघावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर घरच्यांना दाखवा. बूट घालण्याआधी झटका आणि आत हात फिरवा. अनवाणी चालू नका, घरातही. गरम पाण्यात पाय बुडवून बसू नका, कातडी भाजली तरी कळणार नाही. कुरूप कापू नका, दुकानातली अॅसिडची पट्टी लावू नका. वर्षातून एकदा पायांची संवेदना तपासून घ्या. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवतात, डोळे मिटून कळले तर "हो" म्हणायचे. दोन मिनिटांचे काम.

आणि भीतीचे काय? अपंग व्यक्तींच्या १९९५ च्या कायद्याचे कलम ४७ आणि त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्याचे कलम २०. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कामगाराला काढता येत नाही, खालच्या पदावर आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगाराचे दुसरे काम द्यायचे. तसे पद नसेल तर मिळेपर्यंत जादा पदावर ठेवायचे. कागदावर हे आहे, मिळवायला भांडावे लागते, भांडायला आम्ही आहोत. पण अर्ध्या पावलाचे भांडण मला करायचे नाही. कुरूप आहे तेव्हाच या.

ड्यूटीवर घोटा मुरगळला तर त्याच दिवशी ड्यूटीवरील दुखापत म्हणून नोंद करून घ्या. "बघू उद्या" म्हणालात की उद्या साहेब विचारतो, घरी जिन्यावरून पडला नाहीत कशावरून? २०१७ पासून कामामुळे झालेल्या आजाराची व दुखापतीची वेगळी रजा आहे. तिचा आधार म्हणजे ही नोंद.

बुटांचे दोन शब्द. गणवेशाचा रोख भत्ता आला, २०१७ साली ट्रॅकमनला वर्षाचे पाच हजार ठरले. त्यातले किती बुटात जातात हे घरोघरी ठाऊक आहे. पैसे पोरांच्या फीला जातात, मी दोष देत नाही. पण बूट घेताना संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय फुगलेला असतो, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. आपल्या ट्रॅकवरच्या भगिनींना पुरुषांच्या मापाचे बूट मिळतात, पुढे कापूस कोंबून त्या चालतात. हा विषय मी पुढच्या बैठकीच्या यादीत घातला आहे.

स्टेशन झाडणारे, डबे धुणारे ठेक्याचे कामगार दिवसभर ओल्या फरशीवर रबरी चपलेत असतात. त्यांना रेल्वेचे इस्पितळ नाही. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर त्यांचा विमा, कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. ठेकेदार कापतो, पण भरतो का, हे त्यांना माहीत नसते. तुम्ही कायम आहात, वाचता येते, त्यांचा विमा क्रमांक तपासून द्या. क्रमांक चालू असला तर हे समोरचे राजाजीनगरचे इस्पितळ त्यांचेच आहे. ग्रामीण डाक सेवक तर नियमित कर्मचाऱ्याच्या वैद्यकीय सवलतींबाहेरच राहिला. ती लढाई टपाल संघटनेची आहे, आम्ही त्यांच्या मागे आहोत.

आता मी थांबतो. मागच्या खोलीत त्या दवाखान्याच्या बाई आणि एक डॉक्टर बसले आहेत. फी नाही. बूट, मोजे दाराशी काढा. मोज्यांच्या वासाची लाज बाळगू नका, त्यांनी माझे मोजे सोसले आहेत. साखर असलेल्यांनी आधी जायचे, वयाचा मान आज नाही. आणि कालच्या पाळीचा कीमन कोण, ते मागे लंगडत उभे आहेत ते? तुम्ही पुढे या. तुमच्यापासून सुरू करू.