सार्वजनिक काकांचें वकीलपत्र

शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक हें गांव संभाजीमहाराजांच्या समाधीमुळें श्रोत्यांस ठाऊक आहेच. त्याच तालुक्यांत धामारी गांवीं १८७९ च्या फेब्रुवारींत वासुदेव बळवंत फडक्यांनीं पहिला दरोडा घातला. जुलैंत ते पकडले गेले आणि पुण्यांत त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला.

अशा आरोपीचें वकीलपत्र घेणें म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणें. तें गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनीं घेतलें. १८७० सालीं सार्वजनिक सभा स्थापणारे, १८७७ च्या दिल्लीदरबारास खादी नेसून गेलेले काका सनदशीर मार्गाचे. अशिलाचा मार्ग नेमका उलटा. शिवाय फडक्यांनीं स्वहस्तें लिहिलेली रोजनिशीच सरकारच्या हातीं! मग वकिलानें करावें काय? पुरावा कायद्याच्या कसोटीस लावावयाचा, इतकेंच. पण हें थोडें नव्हे. त्याच वर्षीं बुधवारवाडा जळाला, तेव्हां आळ प्रथम फडक्यांवरच आला. पुढें निघालें असें कीं, सरकारी पुस्तकभांडारांतील एका नोकरानें आपला अपहार लपविण्यासाठीं ती आग लावली होती.

फडक्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १८८३ सालीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. काका त्यापूर्वींच, १८८० च्या जुलैंत, निवर्तले होते.