जुन्या पिकअपचा गिअर आणि मागचा आंस

दुसरें महायुद्ध संपून दोन वर्षें होतात न होतात तोंच, १९४७ च्या उन्हाळ्यांत, अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीनें नव्या घडणीचे ट्रक बाजारांत आणले. शेव्हरोले हें नांव मुंबईकरांस परकें नाहीं. शिवडीच्या कारखान्यांत १९२८ पासून १९५४ पर्यंत या कंपनीच्या गाड्या जोडल्या जात असत. त्या नव्या ट्रकांपैकीं अर्ध्या टनाचा, ‘३१००’ या क्रमांकाचा पिकअप आज अमेरिकेंतील हौशी लोकांच्या विशेष प्रेमाचा विषय झाला आहे. आजोबांच्या शेतावर धूळ खात पडलेला असा ट्रक नातू बाहेर काढतो, त्याला रंग देतो, बैठक नवी शिवून घेतो आणि एका रविवारीं मोठ्या रस्त्यावर नेतो. वेग तासाला पंचावन्न मैलांवर जातांच इंजिन असें कण्हूं लागतें कीं, शेजारच्या माणसाशीं ओरडून बोलावें लागतें. मागून येणाऱ्या मोटारी भोंगे वाजवीत पुढें निघून जातात. घरीं परततांना त्याच्या मनांत एकच प्रश्न घोळत असतो: गिअरबॉक्स बदलावा, कीं मागचा आंस?

प्रश्नाची मांडणीच येथें चुकते. इंजिनाचा वेग चाकापर्यंत पोंचतांना दोनदां कमी होतो. एकदां गिअरबॉक्समध्यें आणि पुन्हां मागच्या आंसांतील क्राऊन-पिनियनच्या दांत्यांत. रस्त्याला कळतो तो या दोहोंचा गुणाकार. एक आंकडा ठरविल्यावांचून दुसरा निवडणें म्हणजे नवऱ्या मुलीचें माप न घेतां चोळी शिवण्यासारखें आहे.

हिशेब कठीण नाहीं. या ट्रकाचें चाक टायरसह सुमारें २८ इंच व्यासाचें. म्हणजे त्याचा घेर ८८ इंच आणि एका मैलांत त्याचे ७२० फेरे. तासाला ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. मागच्या आंसाचें मूळ प्रमाण ४.११ आहे व सर्वांत वरच्या गिअरचें प्रमाण १ आहे. तेव्हां त्या वेगाला इंजिन मिनिटास ७२० गुणिले ४.११, म्हणजे जवळ जवळ २,९६० फेरे करतें. (ओझ्यानें टायर दबतो, त्यामुळें प्रत्यक्ष आंकडा किंचित् अधिकच भरतो.) या इंजिनाची ९० अश्वशक्ति पूर्णपणें मिळते ती ३,३०० फेऱ्यांना. ज्यानें सायकलीवरून उतारावर पायडल मारून पाहिलें आहे, त्याला या इंजिनाची अवस्था निराळी समजावून सांगावयास नको.

कारागिरांनीं असें कां केलें? कारण १९४७ साली हा ट्रक दूध, पेंढा आणि खिळेमोळे घेऊन कच्च्या रस्त्यानें गांवास जाणार होता. आजच्या रुंद महामार्गांच्या जाळ्याचा कायदा झाला तो १९५६ साली. शिवाय २१६ घन इंचांच्या त्या सहा सिलिंडरी इंजिनांत दट्ट्याच्या दांडीचें बेअरिंग ‘बॅबिट’ नांवाच्या मऊ मिश्रधातूचें, आणि तेथें तेल पोंचतें तें दाबानें नव्हे, तर दांडीच्या टोकाची लहानशी पळी खालच्या पन्हळींतील तेलावर आपटून. हमरस्त्यावर तासन् तास अशा इंजिनास ताणणें म्हणजे नुसता गोंगाट सोसणें नव्हे. एके दिवशीं बेअरिंग ठोकूं लागतें आणि नातवाच्या हौसेची किंमत आजोबांच्या इंजिनाला द्यावी लागते. दाबाच्या तेलाची व्यवस्था या ट्रकांना १९५४ च्या २३५ घन इंची इंजिनाबरोबर लाभली.

येथें पुष्कळांची एक गंमतीची फसगत होते. त्या काळीं तीन गिअरांऐवजीं चार गिअरांचा बॉक्सहि मिळत असे. चार गिअर म्हणजे वेग अधिक, असें समजून लोक तो हौसेनें शोधून आणतात. परंतु चारांतला चौथा गिअर आणि तिहींतला तिसरा गिअर यांचें प्रमाण एकच, म्हणजे १. भर पडलेली असते ती खालच्या टोंकाला. त्यांतील पहिल्या गिअरचें प्रमाण ७.०५, त्यास ४.११ नें गुणिलें कीं २९ येतात. इंजिनाच्या हजार फेऱ्यांना गाडी तासाला तीन मैलांहूनहि कमी चालते. बाजूनें चालत जाणारा गडी पेंढ्याचे गठ्ठे ट्रकांत टाकीत जाईल, इतकी ती सावकाश जाते. शेतकऱ्यास ही मोठीच सोय. महामार्गावर तिचा उपयोग शून्य.

वेग हवा असेल तर सोपा मार्ग मागच्या आंसांतून जातो. ४.११ च्या जागीं ३.५५ चें क्राऊन-पिनियन बसविलें कीं इंजिनाचे फेरे शेंकडा १४ नीं उतरतात. पंचावन्न मैलांना २,७१० होते, तेथें २,३४० होतात. त्याची किंमत चढावर व गाडी हलवितांना मोजावी लागते. तीन गिअरांच्या बॉक्सांत पहिल्या गिअरचा एकूण गुणाकार १२ वरून साडेदहांवर येतो, आणि भरलेल्या गाडीला चढावर हलवितांना क्लच जरा अधिक घसरवावा लागतो. रिकामा ट्रक फिरविणारास हें जाणवणारहि नाहीं. लांकूड भरून डोंगरांत राहणारास मात्र रोज जाणवेल.

दुसरा मार्ग ओव्हरड्राइव्हचा. त्यांत वरच्या गिअरचें प्रमाण ०.७० पर्यंत येतें. ४.११ चा आंस तसाच ठेवला, तरी ६० मैलांना इंजिनाचे सुमारें २,०७० फेरेच होतात आणि खालच्या गिअरांचा जोर अबाधित राहतो. ऐकण्यास हें फार गोड वाटतें. पण या ट्रकांच्या १९५५ च्या प्रारंभापर्यंतच्या घडणींत फिरता शाफ्ट एका बंद नळींत असतो, ती नळी गिअरबॉक्सच्या पाठीस जोडलेली असते, आणि मागच्या चाकांचा रेटा तिच्यांतूनच गाडीस पुढें ढकलतो. नव्या बनावटीचा गिअरबॉक्स बसवावयाचा तर ती नळी जाते, तिच्याबरोबर मूळ आंस जातो, आणि उघड्या शाफ्टचा दुसरा आंस स्प्रिंगांवर नव्यानें बसवावा लागतो. मूळ भाग जपून न ठेवल्यास परत फिरण्याची वाटहि उरत नाहीं.

एवढें करणारे आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं जण शेवटच्या पायरीवर घसरतात. जनरल मोटर्सचा १९८२ मध्यें आलेला ‘७००-आर-४’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स ते बसवितात; त्याचा वरचा गिअर ०.७० चा. मग फेरे आणखी कमी व्हावेत म्हणून आंसहि ३.०८ चा घेतात. गुणाकार होतो २.१६, आणि ६० मैलांना फेरे अवघे १,५५०. मोठ्या आठ सिलिंडरी इंजिनास हें मानवेल. जुनें सहा सिलिंडरी इंजिन थोडा चढ किंवा समोरचा वारा लागला कीं दमतें आणि गिअर सारखा वरखालीं होत राहतो. त्याच बॉक्सबरोबर ३.७३ चा आंस घेतला असता, तर फेरे १,८८० राहिले असते आणि गाडी मोकळेपणानें चालली असती.

मूळ इंजिन जपावयाचें असेल, तर ३.५५ चा आंस आणि पन्नास मैलांचा वेग हीच जोडी शहाणपणाची दिसते. त्या वेगाला फेरे होतात २,१३०. मात्र आंस बदलल्यावर वेगदर्शकाचें लहान दंतचक्रहि बदलणें अवश्य आहे. तो कांटा गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर चालतो. तो तसाच राहिला तर गाडी साठ मैलांनीं धांवत असतां तो बावन्न दाखवील. ब्रेक तर १९४७ चेच आहेत. नळीसकट आंस खालीं उतरलेलाच असतो, तेव्हां त्याच बैठकींत मिस्त्रीकडून ब्रेकचे पट्टे आणि तेलाच्या नळ्या तपासून घ्याव्या.