हात लावा, मगच पाहा

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे आणि दिव्यांचे नाना प्रकार पाहताना घरगुती कल्पकतेचे नवल वाटते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला हा ठेवा १९७५ साली राज्य शासनाच्या हवाली केला. दुर्मिळ वस्तूंना काच हवीच. पण अडकित्त्यात सुपारी कशी फुटते, बळ कुठे वाढते, हे मुठीत धरल्याखेरीज मुलाला उमगत नाही.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला लोक मस्तानीची कबर पाहायला जातात. त्याच गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम उभा केला. अमेरिकेत डॉक्टरेट, मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी जागा. ती सोडून त्यांनी मुद्दाम हे अवर्षणग्रस्त गाव निवडले. काम करता करता शिकायचे, हा तिथला धडा. शाळेत मागे पडलेली मुले इथे वेल्डिंग करू लागली, विजेच्या जोडण्या करू लागली, गावाला लागणारी कामे करून देऊ लागली.

आश्रमाचा पाबळ घुमट हे या शिकण्याचे देखणे उदाहरण. लोखंडी त्रिकोण जोडून सांगाडा, त्यावर जाळी आणि सिमेंट. आत एकही खांब नाही. चार पट्ट्या नटबोल्टने जोडून चौकोन करा, कोपरा दाबला की तो कलतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण हटत नाही. एवढा प्रयोग आजी आणि नातू एकत्र करू शकतात, आणि भूमितीच्या पुस्तकातली आकृती छप्पर कशी पेलते ते दोघांनाही दिसते. पुढे २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने पाबळला फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

दौंडकडे कल्पकता उकळत्या काहिलीत दिसते. गुऱ्हाळात उसाचे चिपाड वाळवून चुलवणात घालतात, म्हणजे इंधन उसातूनच निघते. रसात भेंडीच्या झाडाचा चिकट अर्क घातला की गाळ त्याला धरून मळीच्या रूपाने वर येतो. ही युक्ती कुणा एकाच्या नावावर नाही, पण प्रयोगशाळेत मांडावी इतकी अचूक आहे. याच तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार मुली-बायकांनी छपाईचे काम हाती घेतले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, तिथेच छापून पूर्ण झाले.

तेव्हा शिरूर-दौंडच्या शाळांनी पुढचे विज्ञान प्रदर्शन थर्माकोलच्या प्रतिकृतींवर भागवू नये. वेल्डर, गुळव्या, छापखान्यातला कारागीर यांना मार्गदर्शक म्हणून मानाने बोलवावे. टेबलावर पाने, पकडी, नटबोल्ट ठेवावेत, 'हात लावू नये' ही पाटी काढून टाकावी. आणि आईवडिलांनी मोबाइलवर फोटो काढत उभे न राहता बाह्या सरसावून मुलांशेजारी बसावे.