संस्थेचा वकील
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आम्ही सरकारी कचेरीत काम करणारी माणसे. शिक्षण डिप्लोमापर्यंतचे; वकील नव्हे. पण एका कागदावाचून चांगल्या संस्था कशा अडतात, हे आम्ही टेबलावर पाहतो. म्हणून आज संस्थांच्या वकिलाविषयी दोन शब्द.

या वकिलाचे काम काय? संस्थेची घटना लिहिणे, नोंदणी करणे, जागा व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या नावावर आणणे, देणगीदारांसाठी आयकर सवलतीची मान्यता मिळवणे आणि विश्वस्तांत वाद झाला तर संस्था वाचवणे.

आपल्या सीमाभागात हे काम दुप्पट होते. निपाणीतली मंडळे व सोसायट्या १९६०च्या कर्नाटक कायद्याखाली निबंधकांकडे नोंदवतात. दरवर्षी पदाधिकाऱ्यांची यादी आणि हिशेब तिथे द्यावा लागतो. पण निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरात, जिथे देवचंद कॉलेज आहे, तिथे कोल्हापूर जिल्हा लागतो. तिकडे १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आणि धर्मादाय आयुक्त. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, परवानगीशिवाय जमीन विकायची नाही. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळालाही वर्गणीसाठी कलम ४१क ची परवानगी लागते. तो कायदा झाला तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते; १ नोव्हेंबर १९५६ला राज्य बदलले. आता तिकडचा नमुना उतरवून इकडची घटना लिहिली, की घोळ ठरलेला.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८चे. अशा वाचनालयांनी, शाळांनी, मंडळांनीच इथे मराठी जपली. जागा ज्यांच्या नावावर घेतली ते वारले, वारस कोर्टात गेले, तर भाषेचे एक घरच जाते. मोर्चा काढून ते परत मिळत नाही.

बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली ती रीतसर नोंदवून. पुढच्याच वर्षी ते परिषदेसाठी आपल्या निपाणीत आले. चळवळीइतकीच तिची घटनाही पक्की हवी, हे त्यांनी ओळखले होते.

युवकांनो, बेळगावात १९३९पासून राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. तेही एका सोसायटीनेच चालवलेले. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन. मग सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा. सनद कर्नाटकची असली तरी कोल्हापुरात उभे राहता येते. कन्नड कागद वाचता यावा, मराठी दस्त समजावा, ताळेबंद कळावा. सुरुवातीला पैसा बेताचा; पण एकदा विश्वास बसला की संस्था वकील सोडत नाही.

आणि पदाधिकाऱ्यांना विनंती : भांडण झाल्यावर नव्हे, आधीच वकिलाला बोलवा. यंदा विसर्जनानंतर मंडळाची फाईल एकदा उघडून बघा.

गणपती बाप्पा मोरया!