शेजारी कोण बसणार?
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

वाद्य कोणतं शिकावं, हे लोक मला बहुधा दुकानाच्या पायरीवर विचारतात. पेटी घेऊ की कीबोर्ड? तबला की गिटार? पोराचा कल कळलेला नसतो, पण किती खर्च करायचा ते ठरलेलं असतं. मी उलट विचारतो : शिकल्यावर हा कोणाच्या शेजारी बसून वाजवणार? याचं उत्तर नसेल, तर वर्षभरात वाद्यावर चादर पडते. दोष मुलाचा नसतो. एकट्यानं वाजवत राहायला फार मोठी ओढ लागते, ती दहा-बारा वर्षांच्या पोराकडून का मागावी?

आपल्या जुन्नर-आंबेगावात शेजारी बसायच्या जागा पुष्कळ आहेत. नारायणगावचंच पाहा. पाडव्याच्या सुमारास इथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची यात्रा कमिटी सुपारी द्यायला येते. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. गण सुरू होण्याआधी ढोलकी आणि हलगी एकमेकींना जे सवाल टाकतात, ते ऐकायला माणसं खेळाच्या वेळेआधी येऊन बसतात. यातल्या बहुतेक वादकांनी क्लास लावलेला नाही. बाप, मामा, चुलता वाजवत होता, पोर मागं बसून ऐकत होतं. एखाद्या रात्री थोरला आजारी पडला आणि ढोलकी त्याच्या पुढ्यात आली.

तुणतुण्याकडे मात्र कुणी पाहत नाही. एक तार, तळाला चामडं, आणि ते हातात धरून मागं उभा राहिलेला झीलकरी. पण सूर आणि लय दोन्ही त्या एका तारेवर सांभाळायची असतात. कानाला वळण लावणारं इतकं स्वस्त वाद्य मला दुसरं ठाऊक नाही.

आता कौतुक थोडं आवरतो. मागं बसून शिकण्याची ही रीत गोड वाटते, पण त्या पोराला कुणी विचारलं होतं का, तुला काय वाजवायचंय? हलगी ही गावकीत ठरलेल्या घरांनी करायची चाकरी होती. वाजंत्र्याशिवाय लग्न लागत नसे आणि त्याच वाजंत्र्याला पंगतीत पान मांडलं जात नसे. वाद्य निवडता येणं ही आपल्याकडे फार अलीकडची गोष्ट आहे. म्हणून त्या घरातलं एखादं पोर आज व्हायोलिन मागत असेल, तर त्याला परंपरा जपायचा उपदेश करू नका. ज्यांना हलगीची परंपरा जपायची हौस आहे, त्यांनी आपल्या पोराच्या हातात हलगी द्यावी.

दुसरी जागा भजनाची. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्यांची समाधी, आळंदी-देहूही फार लांब नाहीत. त्यामुळे ज्या गावात भजनी मंडळ नाही असं गाव इकडे शोधावं लागेल. कार्तिकाच्या काकड्याला पोराला आधी टाळ द्या. टाळ चुकला तर दहा टाळांत झाकला जातो, आणि लय अंगात मुरते. पुढं ज्याचा हात वळतो तो पखवाजाकडे सरकतो, डाव्या अंगाच्या धुमेला कणीक किती लावायची ते पाहून पाहून शिकतो. गळा असेल तो पेटीकडे. पेटीवर आकाशवाणीनं 1940 पासून सुमारे तीस वर्षं बंदी घातली होती; तिच्यातून मींड निघत नाही, ही जाणकारांची तक्रार. तक्रार खरी आहे. पण काळी एकला वीस गळे एकत्र आणायचे, तर पेटीइतकं सोयीचं काही नाही, म्हणून भजनी मंडळांनी ती सोडली नाही. एवढंच सांभाळा की पेटीशिवाय सूर लावण्याची सवयही राहू द्या.

पश्चिम पट्ट्यातल्या, माळशेज-भीमाशंकराकडच्या मंडळींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. तिकडच्या पावसात चामडं उतरतं. हलगी शेकोटीवर तापवून घेता येते, बोल्टची ढोलकी पान्यानं कसता येते. पखवाजाच्या गठ्ठ्यांवर मात्र हातोडी चालवता यायला हवी, नाहीतर चार महिने वाद्य नुसतं कोपऱ्यात. फायबरची हलगी टिकते, पण तिचा आवाज मला कोरडा वाटतो.

आणि मुलींचं काय? तमाशात बाया फडाच्या मालकिणी झाल्या, विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण ढोलकी बहुतेक ठिकाणी पुरुषाच्याच कमरेला राहिली. भजनातही तेच. आता गावोगाव महिला भजनी मंडळं आहेत. अभंग बायकाच म्हणतात, पेटीही धरतात, आणि पखवाजाला मात्र कुणाच्या तरी दिराला बोलावतात. तो शेतावर अडकला की भजन खोळंबतं. पेटी की कीबोर्ड विचारणाऱ्या आईबापांनी आपल्या गावचं महिला मंडळ एकदा जाऊन पाहावं. तिथली पखवाजाची जागा मोकळी आहे. मुलगी लहान असेल आणि दोन्ही तोंडांपर्यंत हात पोचत नसतील, तर दोन वर्षं टाळ वाजवू द्या आणि बसवा मात्र पखवाजाच्या शेजारीच.