मागे कोण थांबणार?

धाकटा मुलगा सुट्टीला घरी आला, तो एक मोठा खोका घेऊनच. आत पुठ्ठ्याचे बोळ आणि इवल्या सोंगट्या. 'स्पेस हल्क' हा खेळ ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपनं 1989 मध्ये काढला. "बसा अब्बा, जहाजात घुसायचंय," तो म्हणाला.

जहाज अंतराळातलं, बेवारस. आत शिरणाऱ्या चिलखती सैनिकाला एका फेरीत चार हालचाली, आतल्या राक्षसाला सहा. सैनिकाची नुसतं वळण्यातही एक खर्च होते. राक्षस अंगाला भिडला की तो तीन फासे टाकतो, सैनिक एकच. आणि विचार करायला वेळेचं बंधन, तेही सैनिकांनाच!

मी सगळ्यांना घाईनं पुढे काढलं. मागच्या बोळातून राक्षस आले. एकही सैनिक उरला नाही.

"अब्बा, तिठ्यावर एकाला पहाऱ्याला ठेवायचं," मुलानं समजावलं. "पहाऱ्यासाठी दोन हालचाली लागतात. मग समोर राक्षस हलला की तो गोळी झाडतो. दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला तर मात्र बंदूक अडकते."

दुसऱ्या डावात एकाला मागे ठेवलं. बाकीचे पोहोचले. त्याची बंदूक अडकली. जिंकलो, पण ती सोंगटी खोक्यात टाकताना हात अडखळला.

श्रोतेहो, 'विजय' हा शब्द मी कवितेत किती सहज लिहीत आलो! तिठ्यावर कुणाला ठेवलं, हे एकदाही लिहिलं नाही.