थकलेला स्नायू : वीज जास्त, जोर कमी

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



भर दुपारी बैलाच्या तोंडाला फेस आला की आपण जू सोडतो. पण पाठीवर पंप घेतलेला गडी किंवा कापणीला लागलेली बाई दमली, तर 'एवढी पात उरकून घेऊ' असेच म्हणते. दमणूक म्हणजे शरीरात नेमके काय होते आणि ती कोठे धोक्याची ठरते, हे आज आपण पाहू.

आपला स्नायू हजारो बारीक तंतूंचा बनलेला असतो. त्यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असतात. एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीखालील सर्व तंतू मिळून एक 'मोटर युनिट' होते. ऊसतोडीच्या टोळीसारखेच हे आहे. मुकादमाने हाक दिली की सारी टोळी एकदम कामाला लागते. डोळा फिरविणाऱ्या स्नायूच्या टोळीत थोडेच तंतू असतात, तर पोटरीच्या टोळीत हजाराहून अधिक. ही कल्पना मांडणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांना एडगर एड्रियन यांच्यासह १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुकादमाची ही हाक विजेची असते. कातडीवर पट्ट्या लावून किंवा बारीक सुई टोचून ती यंत्रावर नोंदविता येते. जोर वाढवायचा तर शरीर दोन उपाय करते : अधिक टोळ्या कामाला लावते, किंवा हाका भराभर देते. हलक्या कामाला आधी लहान, चिवट, सहसा न दमणाऱ्या टोळ्या लागतात. मोठ्या, जोरकस पण लवकर दमणाऱ्या टोळ्या नंतर येतात. हेनेमन यांनी १९६५ च्या सुमारास हा क्रम दाखवून दिला.

आता दमणुकीकडे येऊ. समजा, आंबे उतरविण्यासाठी झेल्याचा बांबू तुम्ही उंच धरून ठेवला आहे. वजन तेवढेच आहे. पण तंतू दमू लागतात, प्रत्येक टोळीचा जोर घटतो आणि शरीर नव्या टोळ्या बोलावते. म्हणून यंत्रावर विजेची नोंद वाढत जाते, काम मात्र तेवढेच राहते. बेअरिंग झिजलेली मोटर जास्त अँपिअर ओढते आणि पाणी मात्र वाढत नाही, तसाच हा प्रकार. शेवटी हात थरथरू लागतो. पूर्ण ताकद लावून धरले तर उलटे घडते. अंगठ्याच्या स्नायूवरील प्रयोगांत सेकंदाला सुमारे ३० असलेल्या हाका मिनिटाभरात जवळपास निम्म्यावर आल्या. तेथे वीज आणि जोर दोन्ही उतरतात.

यामागे एकटे लॅक्टिक आम्ल आहे, असे पूर्वी मानीत. आता तंतूत साठणारे फॉस्फेट, कॅल्शियमची मंदावलेली ये-जा आणि तंतूबाहेर साचणारे पोटॅशियम यांनाही महत्त्व दिले जाते. स्नायू सतत आवळलेला राहिला तर रक्तपुरवठाही दबतो. जड कामानंतर हलक्या हाकेला मिळणारा जोर दुसऱ्या दिवशीपर्यंत कमी राहू शकतो. म्हणून काल वाहिलेली पाटी आज जड वाटते. तो आळस नव्हे.

यावरून पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. पूर्ण दमून मग लांब विश्रांती घेण्यापेक्षा, दमण्याआधी थोडी थोडी विश्रांती वारंवार घ्यावी.

२. एकाच स्थितीत धरून ठेवण्याचे काम टाळावे. पंपाचा दांडा शक्य असल्यास आलटून पालटून दोन्ही हातांनी मारावा. बांबू धरणारा माणूस बदलावा.

३. विळ्याला धार ठेवावी किंवा दातेरी विळा वापरावा. बोथट विळा तेवढ्याच पिकासाठी जास्त जोर मागतो.

४. मळणी यंत्रात पेंढ्या घालणारा माणूस ठराविक वेळाने बदलावा. दमलेल्या हाताची पकड सुटते, हालचाल उशिरा होते आणि यंत्र थांबत नाही.

५. उन्हात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. फवारणीनंतरचा प्रत्येक अशक्तपणा दमणूक नसतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके चेतातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर आघात करतात. मुकादमाची हाक थांबतच नाही. स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरू नये. फवारणीनंतर लाळ, घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुकपणा, स्नायूंची फडफड किंवा धाप ही लक्षणे दिसली, तर 'झोपला की बरा होईल' असे म्हणू नका. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रक घेऊन रोग्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.

पीक आपण वेळेवर पाहतो, जनावर वेळेवर पाहतो. राबणाऱ्या हातांकडेही तसेच पाहावे, एवढीच विनंती करतो.